दाजीसाहेबांच्या अकरा वह्या

ठाणे, कार्तिक वद्य २, शके १८११
कै. दाजीसाहेबांच्या घरून बैलगाडी आली. चार तंबोरे, एक बीन (दांडी तडकलेली), दोन सारंग्या, चिजांच्या अकरा वह्या. सगळे वाचनालयास देणगी. चिटणीस मी, तेव्हा यादी करणे माझ्याकडे. त्यांचे चिरंजीव रावसाहेब सोबत होते. म्हणाले, वडिलांनी मामलेदारी केली त्याहून गाणेच जास्त ऐकले, आता घरात ठेवायला जागा नाही.
पत्नी वारून आज दोन महिने. शाळेत गेलो. काय शिकवले, आठवत नाही.

का. व. ४
वह्या चाळल्या. अक्षर मोत्यासारखे. शब्दांच्या मधे मधे लाल शाईचे ठिपके. सुरांच्या खुणा असाव्यात म्हणून पेटीवर लावून पाहिल्या. जुळत नाहीत. जवळजवळ प्रत्येक चिजेखाली 'कृ. क.' एवढेच.
रावसाहेबांस विचारले. खिडकीकडे पाहत म्हणाले, कल्याणची कृष्णाबाई, गाणारी. यादीत ते घालू नका.

का. व. ८
शाळेला सुटी. तिसरी वही घेऊन कल्याणास गेलो. घर सापडायला वेळ लागला; नाव घेतले की माणसे आधी माझ्या पागोट्याकडे पाहत.
बाई साठीच्या असतील. डोळे अधू. लिहिता-वाचता येत नाही. दाजीसाहेब बारा वर्षे दर शनिवारी येत, समोर बसून लिहीत. गेल्याचे त्यांना कुणी कळवले नव्हते. मीच सांगितले. त्यांनी वही मागितली आणि नुसता हात फिरवला.
ठिपक्यांचे विचारले.
"ते सूर नव्हेत, मास्तर. मी जिथे दम घेई, तिथे ते टिंब देत."
पहिली ओळ वाचून दाखवली. त्यांनी म्हटली. दर ठिपक्याला खरेच दम घेतला. आवाज मधे फाटतो. गाणे चांगले असावे. मला काहीच झाले नाही. त्यांनी ते ओळखले असावे. थांबून म्हणाल्या, "घरी काय झालंय तुमच्या?"
सांगितले. सांत्वन वगैरे केले नाही. पुढची ओळ वाचा म्हणाल्या.
निघताना एकच विचारले: माझं नाव आहे का त्यात? 'कृ.' आहे म्हटले. "तेवढंच?" म्हणाल्या.

का. व. ११
यादी पुरी केली. वह्यांपुढे लिहिले: दाजीसाहेबांनी कल्याणच्या कृष्णाबाईंकडून उतरून घेतलेल्या चिजा. दोनदा खोडले. तिसऱ्यांदा तसेच ठेवले. धैर्य बिर्य काही नाही. खोटे लिहिण्याचेही श्रम पडतात.
जेवायचे राहिले. अक्का (थोरली बहीण, हल्ली इथेच असते) रागावली.

का. व. १३
सभा. यादी वाचली. रावसाहेब म्हणाले, ते नाव राहणार असेल तर सामान परत न्यावे लागेल, आम्हांला मुलींची लग्ने करायची आहेत. रागाने नाही, हात जोडून म्हणाले. त्यांचेही खोटे म्हणवत नाही. अध्यक्ष म्हणाले, विचार करून लेखी कळवतो.
घरी येताना तळ्याच्या काठी बसलो. अमुक एका गोष्टीचे वाईट वाटावे, असे वाटत होते. वाटले नाही.

मार्गशीर्ष शु. १
रावसाहेबांचा कारकून गाडी घेऊन आला. अध्यक्षांचा कागद नव्हता, म्हणून किल्ली दिली नाही. गाडी रिकामी गेली. उद्या दुपारी चारला रावसाहेब स्वतः येणार.
कल्याणहून पोस्टकार्ड. शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले. 'द्वितीयेस येत आहे. दम आहे तोवर उरलेल्या वह्या ऐकून घ्याव्या.'
अक्कास सांगितले. अशी बाई वाचनालयात आलेली लोक खपवून घेतील का, म्हणाली. मग बराच वेळ धान्य निवडत बसली. उठताना म्हणाली, चहा करून पाठवीन.

मार्ग. शु. २
शाळेतून रजा घेतली. सकाळी अध्यक्षांचा लखोटा आला. फोडला नाही. दौतीखाली ठेवला आहे.
बाई बाराला आल्या. पायऱ्या चढून उंबऱ्याशी थांबल्या. वर्तमानपत्रे वाचणारे दोघे उठून गेले. "आत येऊ ना?" म्हणाल्या. खुर्ची पुढे ओढली. खुर्चीवर बसल्या नाहीत, जाजमावर बसल्या, म्हणून मीही खाली बसलो.
मी वाचतो, त्या म्हणतात. जिथे दाजीसाहेबांनी शब्द चुकीचा ऐकला, तिथे थांबवतात; मी समासात दुरुस्ती करतो. दोन ठिकाणी ठिपकाही हलवावा लागला. आता तिथे दम पुरत नाही, म्हणाल्या.
प्रत्येक पानावर 'कृ.'पुढे उरलेली अक्षरे लिहितो आहे. शाईने. त्यांना दिसत नाही, पण टाकाचा आवाज आला की थांबतात, आणि लिहून होईपर्यंत पुढचे म्हणत नाहीत.
सहावी वही अर्धी झाली. साडेतीन वाजून गेले. चहा आला आहे, त्या पिताहेत, तेवढ्यात हे टिपले. खाली गाडीची घंटा वाजली, कुणाची ते पाहिले नाही. बाईंनी कप खाली ठेवला.
"वाचा पुढे," म्हणाल्या.