हे घरीच आहेत, असं मी सांगून बसले

तीर्थस्वरूप वन्सं,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आता अक्षर लागतं का? लागत नसेल तरी हे पत्र सूनबाईंकडून वाचून घेऊ नका. मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. आतला मजकूर तिसऱ्याच्या कानावर जावा असा नाही. (तसा तो एका अख्ख्या हॉलने ऐकलेला आहे, पण त्यात आपल्या नात्यातलं कुणी नव्हतं.) मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

परदेशातली ती सरोवरं बघायला जायचं, हे आमचं किती वर्षं चाललं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. हे नकाशा पसरून बसायचे आणि मी वाचनालयातून आणलेली प्रवासवर्णनं वाचून त्यांना तिथल्या थंडीची भीती घालायची. यंदा मी मन घट्ट केलं आणि प्रवास कंपनीत नाव देऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, "काकू, तिकीट, हॉटेल माझ्यावर सोडा. व्हिसा मात्र तुमचा तुम्हालाच मिळवायचाय. तुम्ही परत येणार, एवढं त्यांना पटलं की झालं." मी म्हटलं, परत नाही आले तर जाईन कुठे? तर म्हणाल्या, "हे असं उलट विचारू नका तिथे."

आधी फोटो काढायचा होता. कान दिसले पाहिजेत, चष्मा नको, आणि हसायचं नाही. फोटोवाल्याला म्हटलं, हसण्याची काळजी तुम्ही करू नका, त्याला बरेच दिवस झाले. तो मागचा पांढरा पडदा सरळ करायला गेला आणि पडद्यासकट माझ्या मांडीवरच येऊन पडला. मला इतकं हसू फुटलं की थांबेचना. हे गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही जिथे मनाई आहे नेमकं तिथेच. बिचारा पडदा गुंडाळून माझं हसणं ओसरायची वाट बघत बसला.

मग व्हिसाच्या ऑफिसात गेले. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी, आणि जो तो दुसऱ्याला उपाय सांगतोय. एक म्हणे कमी बोला, दुसरी म्हणे भरपूर बोला, गप्प माणसाचा त्यांना संशय येतो. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना आजवर दोनदा नकार मिळालेला, त्यामुळे सगळे त्यांनाच विचारत होते. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "एकट्याच का? मग अवघड आहे. घरी कुणीतरी वाट बघतंय, असं दिसलं पाहिजे."

खिडकीत काचेपलीकडे तुमच्या सूनबाईंच्या वयाची अधिकारी मुलगी होती. बोलणं माइकवरून, म्हणजे दोघींचंही सगळ्या हॉलला ऐकू जाणार. तिने गोड आवाजात विचारलं, सहल संपल्यावर तुम्ही परत कशासाठी याल? वन्सं, देवाशपथ सांगते, खोटं बोलायचं मनात नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं, "अहो, हे घरी एकटे आहेत ना."

एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? ती म्हणाली, मग त्यांना सोबत का नेत नाही? मी म्हटलं, त्यांना परक्या गादीवर झोप येत नाही. शिवाय चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात, परदेशात तो कोण देणार शोधून? ती हसली. मला आणखी चेव आला. ह्यांची पथ्यं सांगितली, ह्यांचा हट्ट सांगितला, ह्यांच्याविषयी तक्रारसुद्धा केली. फार बरं वाटत होतं हो. इतक्या दिवसांत ह्यांच्याबद्दल असं वर्तमानकाळात मला कुणी काही विचारलंच नव्हतं. जो तो कसे गेले तेवढंच विचारतो.

मग तिने पुढचा कागद उलटला. तो ह्यांच्या मृत्यूचा दाखला होता. मीच सकाळी व्यवस्थित लावलेला.

तिने हळूच विचारलं, "हा मृत्यूचा दाखला त्यांचाच ना?" आणि माइकवरून तेही सगळ्या हॉलने ऐकलं. मागे निवृत्त गृहस्थ मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण फरशी चांगली पक्की होती. घरी आल्यावर ह्यांच्या फोटोकडे बघायचं धैर्य होईना. तुमच्या पाठच्या भावाला मी एका व्हिसासाठी चारचौघांत जिवंत केलं आणि चारचौघांतच पुन्हा घालवलं. रागावलात तरी मी काही बोलणार नाही.

तब्येतीला जपा. औषधाचे थेंब चुकवू नका.

तुमची भावजय

ता. क. : लाजत लाजत लिहिते. त्या मुलीने सरळ नकार दिला नाही. माइक बंद करून म्हणाली, "सासर-माहेरच्या कुणाचं तरी पत्र आणा, की ह्या परत येतील आणि आम्ही त्यांची वाट बघतोय." माझ्या माहेरी आता कुणी नाही. तुम्ही लिहाल का? ह्यांच्याबद्दल काही लिहू नका, फक्त माझी वाट बघता एवढंच लिहा. खरं नसलं तरी चालेल, असं आता मी कोणत्या तोंडाने म्हणू? खरं असेल तरच लिहा.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालताना सुचलं. सवयीने मी खोली दोघांची घेतली आहे आणि दुसरं नाव अजून दिलेलं नाही. त्यापेक्षा तुम्हीच चला ना. मग घरी माझी वाट बघायला कुणीच उरणार नाही, हे खरं. पण ते तिने विचारलं तर खिडकीत ह्या वेळी तुम्ही बोला.