सगळ्या मेलवर आजची तारीख

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचा. घर मजेदार आहे. खाली बंद पडलेला बर्फाचा कारखाना, वर चार खोल्या आणि लांबलचक व्हरांडा. मला कोपऱ्यातली खोली मिळाली. खिडकी मोठी, गादी मऊ, टेबल पुसून ठेवलेलं. दुकानाच्या पोटमाळ्यावर पाठ मोडून घेणाऱ्याला हा राजवाडाच.

काम आठवडाभराचं, राहण्याजेवणासकट. घरमालक काकांचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. त्यातले सगळे जुने मेल नव्या कॉम्प्युटरवर, नव्या सिस्टीममध्ये न्यायचे. मला बोलावलं ते काकांच्या मुलीने. मी त्यांना ताई म्हणतो. त्या औषधांच्या दुकानात कामाला आहेत. काका ऐंशीच्या घरातले, अंगाने ताठ, बोलायला गोड. जुनं सगळं आठवतं, सकाळी काय खाल्लं ते मात्र नाही. माझं नाव तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तेवढ्याच आनंदाने हात हातात घेतला.

बायकोला फोन केला. माहेरी आहे, आठवा महिना. म्हणाली, आत्ताच झोपून घ्या, पुढे झोपेचं खोबरं होणार आहे.

मंगळवार, ५ मार्च

जुना मेलचा प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालत नाही, त्यामुळे आधी सगळे मेल बाहेर काढायचे आणि मग नव्यात भरायचे. त्यात फॉन्ट जुना. नव्याकडे गेला की अक्षरांचा नुसता चिवडा होतो. दुसऱ्याचं वाचू नये हे मलाही कळतं, पण वाचल्याशिवाय अक्षर सुधारलं की नाही ते कसं समजणार?

बहुतेक मेल दोन भावांचे. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला ते 'धाकल्या' म्हणत. दोघं याच घरात, व्हरांड्याच्या दोन टोकांना. बोलणं बंद, म्हणून मेल! 'तुझी सायकल जिन्यातून काढ.' 'आधी तुमचा रेडिओ बारीक करा, दादा.' हसून पुरेवाट झाली.

ताईंना विचारलं, धाकटे काका कुठे असतात? परदेशी, म्हणाल्या. बारा वर्षं झाली. तुमची खोली त्यांचीच.

गुरुवार, ७ मार्च

२,३१४ मेल. एकही हरवला नाही. एकच गफलत झाली: नव्या सिस्टीमने सगळ्या मेलवर आजची तारीख टाकली आणि सगळेच न वाचलेले म्हणून दाखवले. होतं असं कधी कधी. एका दिवसात ठीक करतो म्हटलं.

पण काका सकाळपासून स्क्रीनसमोर बसलेले, ठळक अक्षरांवर बोट ठेवून एकेक मेल वाचत. ताई म्हणाल्या, राहू द्या. कित्येक महिन्यांनी बाबा एका जागी शांत बसलेत. तारखांनी कुणाचं काय बिघडतंय?

आता फोटो आणि पत्त्यांची यादी तेवढी राहिली.

शुक्रवार, ८ मार्च

जेवताना काकांनी माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं. विचारलं, भंगारवाल्याला कारखान्यात कुणी आणलं? मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. काका, मी कॉम्प्युटरवाला, असं म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, माफी मागितली आणि स्वतः वाढलं.

नंतर शोधलं. भंगारवाल्याची भानगड खरी आहे. धाकट्याने भावाला न सांगता मशीन विकायला काढलं होतं. काकांनी त्याबद्दलचा मेल आज सकाळी वाचला. त्यांच्या लेखी तो आज सकाळीच आलाय.

शनिवार, ९ मार्च

काका आता उत्तरं लिहितात. धाकट्याचा पत्ता केव्हाचा बंद आहे, त्यामुळे उत्तरं परत येतात. परत आलं की काका माझ्या दाराशी.

"माझं पत्र न वाचताच परत पाठवतोस?"

मी तुमचा भाऊ नाही, दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कानशिलात बसली. म्हाताऱ्याचा हात वाटला नाही तो.

ताईंना गाल दाखवला. त्या म्हणाल्या, वाद कशाला घालता? हो दादा म्हणायचं, विषय संपतो.

संध्याकाळी तसंच म्हटलं. हो दादा. आवाज खाली आला त्यांचा. पण नजर निवळली नाही. मी भाऊ नसेन अशी त्यांना शंका होती थोडीफार, तीही मीच मिटवली.

रविवार, १० मार्च

तारखा दुरुस्त करायला गेलो. पासवर्ड बदललाय. काकांना ते जमणार नाही.

ताईंना विचारलं. बाबांना वाचू द्या, एवढंच म्हणाल्या.

माझी बॅग कुणीतरी जिन्यातून खाली फेकली. कपडे गोळा करताना काका वरून बघत होते. उद्या फोटो संपवतो आणि निघतो. अर्धवट टाकून पळायची सवय नाही मला.

सोमवार, ११ मार्च

जुन्या कॉम्प्युटरवर भंगारवाल्याच्या भानगडीनंतरचे मेल वाचले. वाचायला नको होते.

काकांचा धाकट्याला शेवटचा: 'तू जिंकलास. उद्या जेवण झाल्यावर खाली थंड खोलीत ये. मशीनची मापं घेऊ.' धाकट्याचं उत्तर: 'येतो दादा. बरं वाटलं.'

त्यापुढे धाकट्याचा एकही मेल नाही. कुणालाच नाही.

पाच दिवसांनी ताईंचा, बाबांना: 'खोली धुतली. धाकटे काका परदेशी गेले असं सगळ्यांना सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.'

मान वळवली तर ताई मागे उभ्या. कधीपासून, कोण जाणे. अक्षरं नीट आलीत ना, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, मी वाचत नाही, नुसती तपासतो. हसल्या.

उद्या पहिल्या गाडीने—

मंगळवार, १२ मार्च, सकाळ

जिन्याखालचं, बाहेर जायचं दार बंद. किल्ली ताईंकडे. माझा फोन उशाशी होता, तो नाही.

ताई कामावर गेल्या नाहीत. जेवून निघा, म्हणतात. काका तो शेवटचा मेल पुन्हा पुन्हा वाचतायत. मोठ्याने.

दुपार

आत आहे. कारखान्यातल्या, बर्फ साठवायच्या थंड खोलीत.

फोन खाली थंड खोलीत आहे, घेऊन या, मग बाहेरचं दार उघडते, असं म्हणाल्या ताई. नाही म्हटलं. मागे काका— हातात बर्फाची लादी ओढायचा लोखंडी आकडा.

दाराला बाहेरून कुलूप लावलंय. जाड, कडेने रबर. छताला काचेची एक वीट, तेवढाच उजेड. वही खिशात होती म्हणून—

ओरडलो. मी भाऊ नाही. बायकोचं सांगितलं, आठवा महिना सांगितला. दाराला कान लावला. ताई काकांना सांगत होत्या, "बाबा, तो काहीही बोलतो. चला, औषधाची वेळ झाली."

अडीच

हवा जड. अक्षर वाकडं येतंय.

पावणेतीन

टकटक! काका. एकटेच. विचारतायत, कोण आहे आत?

आवाज गोड. विसरले— सगळं विसरले! काका, मी कॉम्प्युटरवाला, चुकून कोंडला गेलो. अरेरे, म्हणाले. थांबा हं, किल्ली आणतो.

सव्वातीन

अजून नाही.

पावलं. दाराजवळच. दोघांची—

ताई विचारतायत, बाबा, किल्ली कशाला हवीय?

सांगा काका. सांगा—

म्हणतायत, थांब गं. हवी होती खरी कशाला तरी. आठवत ना—