आधी प्लसची वायर

पुणे, ४ जानेवारी २०२५

चि. सौ. पौर्णिमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर मला चालवतात, तुझ्या आत्याबाई त्यांच्याहून जास्त चालवतात. एवढ्यात चौसाळ्याला येणं काही होत नाही.

जिवाला घोर एकच, आपली मॉरिस. माझ्या आबांनी हौसेनं घेतलेली जुनी गाडी. आमच्या चिरंजीवाला, नवनाथला, तिची आवड नाही आणि माझा गुडघा हा असा. सांभाळणारं कोणी नाही म्हणून संभाजीनगरच्या एका शौकिनाला द्यायचं ठरवतो आहे. लिहितानाही जीव तुटतो. तोवर उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडली तर पेट घेईल. ट्रॅक्टरवाल्या पप्पूकडून बॅटरी सोडवून घे. तू हात लावू नकोस, पाटल्या-बांगड्या घालून ते काम होत नाही.

सर्वजण जपून असा.
तुझा मामा,
मोहनराव

चौसाळा, १२ जानेवारी

ती. स्व. मामांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही माझं बोलणं पुरं होऊ देत नाही, म्हणून पत्रच लिहिते.

पप्पू आला आणि त्यानं सरळ मायनसला पाना लावला. मी थांबवलं तर हसायला लागला, की वहिनी, समद्या गाड्यांचं मायनसच आधी काढत्यात, तुमी कावून भेता. मी त्याला म्हटलं की वायर कुठं जाते ते बघ. आपल्या गाडीत उलटं, प्लसची वायर बॉडीला जोडलेली, म्हणून तीच आधी सोडायची. मायनस सोडताना पाना पत्र्याला टेकला असता तर ठिणगी उडून बॅटरीही फुटली असती. हे तुम्ही दर वर्षी यांना शिकवायचात. हे मोबाईल बघायचे, मी चहा घेऊन उभी असायचे.

असली उलटी गाडी आपल्याच्यानं व्हायची न्हाई म्हणत पप्पू गेला. मग मीच सोडली. रागावू नका. किल्ली काढली, हवा खेळावी म्हणून दारं उघडी टाकली. पाटल्या काढायला गेले तर शेजारच्या कडूबाई मावशी ओरडल्या, की सवाष्णीनं हात मोकळे करू नयेत. मग सायकलची जुनी ट्यूब कापून पाटल्यांवर चढवली. आधी प्लस, मग मायनस, दोन्ही टोकं फडक्यात बांधली. एक ठिणगी नाही! मामा, मला माझाच लई अभिमान वाटला.

गाडी द्यायची तर द्या. पण सांभाळणारं कोणी नाही म्हणून देऊ नका.

अधिकउणं लिहिलं असेल तर पोटात घाला, माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
पौर्णिमा

पुणे, २० जानेवारी

चि. सौ. पौर्णिमास,
भरभरून आशीर्वाद.

पत्र मी वाचलं, आत्याबाईंनी वाचलं, मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाही बळंच ऐकवलं. बांगड्यांचं ते वाक्य मागे घेतो. आत्याबाई समोर बसून हे लिहून घेताहेत, पण नसत्या बसल्या तरी लिहिलं असतं. ट्यूबची युक्ती मला जन्मात सुचली नसती. पोरी, ऊर भरून आला.

जोडताना मायनस आधी, प्लस शेवटी. तुला सांगायला नको, पण राहवत नाही.

शौकिनाला फोन करून नाही म्हणालो. त्यानं विचारलं, की एकाएकी सांभाळणारं कोण मिळालं. नवनाथची बायको असं तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि तुझं नाव सांगितलं.

घरच्यांवर आणि गाडीवर लक्ष असू दे.
तुझा मामा,
मोहनराव