चौकट सरळच होती

कुओपिओ, २ मार्च

चि. हिल्का हिस तार्मोचे अनेक आशीर्वाद.

नाताळात गोड पाव खाऊन मी आंधळा झालो, असे तू साऱ्या नातेवाइकांना कळवलेस. मी आंधळा नाही. केवळ डावा डोळा धोक्यात आहे. पाव मी अर्धाच खाल्ला. आणि दुखणे नाताळाचे नसून वीस वर्षांच्या मधुमेहाचे आहे.

डोळ्यातील इंजेक्शने चालू असताना घरी डोळा तपासण्यासाठी रुग्णालयाने बारीक चौकोन छापलेला कागद दिला होता. जन्मभर जमीन मोजल्यामुळे सवयीने उजवा डोळा मिटून पाहिले, तर रेघा वाकड्या! छपाई सदोष असल्याची मी लेखी तक्रार केली. आजोबा, छापखान्याला सोडा आणि डोळा दाखवायला या, असे डॉक्टरीणबाईंनी फोनवरून बजावले.

नात साइला याच दुखण्यावर संशोधन करते. तिच्या सांगण्याप्रमाणे, चढ्या साखरेने गांजलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. ते मिळताच पांढऱ्या पेशी धावून येतात व वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. भिंतींचे सांधे सैल होतात आणि पाझरलेल्या पाण्याने दृष्टिपटल सुजते. माझी पाच इंजेक्शने एकाच निरोपाचे तोंड बंद करीत होती. बाकीचे ओरडतच राहिले. आता सगळा दाह शमवणारी स्टेरॉइडची कणी डोळ्यात बसवली आहे. गुण आला की नाही, ते ३० तारखेला कळेल. न आल्यास या डोळ्याने वाचणे संपले.

लोभ आहेच, मजकूर तेवढा तपासून पाठवत जा.

तुझा दादा,
तार्मो

योएन्सू, ८ मार्च

ती. दादास हिल्काचा शि. सा. न. वि. वि.

पाव दीड होता; ताट मीच उचलले. तुझे पत्र मी वाचून दाखवताच आमचे पेंटी खुर्चीतून ताडकन उठले. जानेवारीत आमच्या नव्या खिडकीची चौकट वाकडी आहे म्हणून तू त्यांना किती टोचून बोललास! बिचाऱ्यांनी ती उखडून तू सांगशील तशी बसवली. तेव्हाही उजवा डोळा मिटला होतास का, असे विचारायला सांगतात. आता फटीतून गार वारा येतो, आणि ते तुझ्यावर चरफडत रोज कॉफी ढवळतात.

लवकर बरा हो रे. माया असू दे.

तुझी,
हिल्का

कुओपिओ, ३१ मार्च

चि. हिल्का हिस आशीर्वाद.

सूज उतरली. रेघा सरळ दिसतात. त्या औषधाने डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून तो मात्र वरचेवर तपासावा लागेल. काल तिथून निघताना जिन्याच्या कठड्याकडे उजवा डोळा मिटून मी इतका वेळ पाहत राहिलो, की अखेर साइलाने बाही ओढली.

पेंटीची मी क्षमा मागतो. त्याचा राग उतरेपर्यंत तुझी माया पुरवून वापरीन. नातेवाइकांना पुढील तारखा जशाच्या तशा कळव.

तुझा दादा,
तार्मो

९ ऑक्टोबर: पहिले इंजेक्शन.
२४ डिसेंबर: पाव दीड. आधीचा मजकूर रद्द.
१४ जानेवारी: सरळ चौकटीला मी वाकडी म्हटले.
२० फेब्रुवारी: निर्दोष कागदाविरुद्ध तक्रार.
२६ फेब्रुवारी: कणी बसवली.
३० मार्च: डोळा वाचला.
१८ एप्रिल: चौकट पुन्हा बसवायला तुमच्याकडे येत आहे. सरळपणा तपासायची पाणसळ बरोबर आणीन.