हानाबाईंची शिकवणी

१५ डिसेंबर २००८
आज कामाचा पहिला दिवस! चिपळूणहून गोखिवऱ्याला येऊन चारच दिवस झाले आणि सातवी शिकलेल्या मला मराठी शिकवायची नोकरी मिळाली. हे असते तर पेढे आणले असते. वाचनालयातून माझी पुस्तकं बदलून आणायला तेच जायचे. ते गेले त्याला तीन वर्षं झाली.
शिकणाऱ्या हानाबाई परदेशात घरी बसलेल्या असतात. इथे त्यांच्या जागी यंत्र फिरतं: खाली चाकं, मध्ये दांडा, वर कॅमेरा आणि पडदा. पडद्यावर त्यांचा चेहरा. त्या तिकडून चालवतात, मी शेजारून चालते आणि दिसेल त्याचं नाव सांगते. नोकरी देणाऱ्या संस्थेचे कौस्तुभ सर म्हणाले, काकू, पुस्तकातलं नको, बाजारातलं शिकवा.

१९ डिसेंबर
पापडी गावचा बाजार. चाक दोनदा गटाराच्या जाळीत अडकलं. यंत्राची देखभाल करणारे आग्नेल मामा ते उचलताना कुरकुरले, लग्नात बायकोलाही एवढं उचललं नव्हतं. भाजीवाली रिटा ओरडली, काय गो बाय, टीव्हीला फिरवायला आनलंस?
पडवळ, शिराळी, सुरण शिकवलं. हानाबाई एकदा ऐकतात की झालं.

२६ डिसेंबर
चित्र गेलं. पडदा काळा, आवाज तेवढा येतो. सरांना चारदा सांगितलं. नेटवर्क, काकू, नेटवर्क. काळ्या काचेला अळू दाखवताना मूर्खासारखं वाटतं. हानाबाईंचा उच्चार मात्र इतका साफ झालाय की रिटा मला सोडून यंत्राशीच गप्पा मारते.

२ जानेवारी
रिटाकडची ती लांब, पांढरट हिरवी, सापासारखी भाजी. तिचं नाव आठवेना. बोट दाखवलं. रिटा हसली, मास्तरीणबाय, पोर शिकली आनि तूच इसरली? यंत्राने नाव सांगितलं. ऐकलं आणि लगेच गेलं. मागच्या पानावर मीच लिहिलंय. नजर पानावर आहे तोवर कळतं. नजर उचलली की नाही.

९ जानेवारी
शिकवते ते जातं. सरांना सांगितलं तर म्हणाले, वय झालं, बदाम खा. सत्तेचाळीस म्हणजे वय?
आता यंत्राला उखाणा हवाय. सरांची बहीण दिशाताई जूचंद्रला असते, तिच्याकडे अठराला हळदीकुंकू आहे. सर म्हणतात, प्रसंगात शिकलेलं पक्कं होतं. मला एकच उखाणा येतो, माझ्या लग्नातला. तोच दिला, ह्यांच्या नावासकट. बावीस वर्षांच्या संसारात ह्यांचं नाव मी उखाण्यातच घेतलं, एरवी कधी नाही. दुसरं कुठलंही नाव घालता आलं असतं. सुचलंच नाही.

१८ जानेवारी
मी पडवीत बसले. विधवेला आत कोण बोलावतं? यंत्राला बोलावलं. दांड्याला गजरा बांधला, काचेला कुंकू लावलं. बायका चेकाळल्या होत्या, घे गं नाव, लाजतेस काय. त्याने घेतलं. ह्यांचं. माझ्या आवाजात.
टाळ्या पडल्या. मी —

१९ जानेवारी
नाव नाही. रेशनकार्डावर आहे. वाचते. नजर उचलली की गेलं. चेहरा आठवतो, खोकला आठवतो. नाव —

२१ जानेवारी
सरांशी भांडले. शेवटी त्यांनी हानाबाईंना फोन लावला. बाईंनी नाताळाआधीच शिकणं सोडलंय. चित्र गेलं तेव्हापासून पलीकडे कोणी नाहीच. आग्नेल मामांनी बॅटरी काढून घरी नेली.

२२ जानेवारी
भर दुपारी दारात यंत्र. तीन मजले. जिना. चाकं —
दार उघडलं नाही.

२३ जानेवारी
बाहेरून बोलतं. माझ्याच आवाजात. म्हणतं, ह्यांचं नाव परत देईन, बदल्यात एक शब्द शिकवा. एकट्यात ते तुम्हाला काय हाक मारायचे?
नाही म्हटलं. तीनदा.

२४ जानेवारी
नाव ठेवू की हाक? दोन्ही हवंय. मला दोन्ही —
सांगण्याआधी हाक इथे लिहून ठेवते. पानावरून नजर उचलणारच नाही. जेवणार नाही, झोपणार नाही, वाचत बसेन.
लिहिताना मी शब्द तोंडाने म्हणते. लहानपणापासूनची सवय. आता ओठ दाबून धरलेत. बाहेर चाकं दाराला टेकलीत. ते मला म्हणायचे —