वुकुरेस्तिऊ रस्त्यावरची बेल

१ नोव्हेंबर
अथेन्समधल्या या झगमगत्या वुकुरेस्तिऊ रस्त्यावरच्या फ्लॅटची खरी किंमत : दुकानांपुढे कापडी छपरं बसवण्यात गेलेली अडतीस वर्षं, डावा गुडघा, आणि माझ्या जुन्या पेरिस्तेरी वस्तीतल्या कॉफीच्या दुकानातली, सोंगट्यांच्या पटासमोरची माझी खुर्ची. स्वस्तात पडला. इथली निम्मी छपरं माझी. आता छपरांखालची माणसंही माझीच.

३ नोव्हेंबर, सकाळ
घड्याळांच्या दुकानातली दानाई म्हणाली, आज अगदी रुबाबात, मिनाससाहेब! माझे कान तिखट. पाठ फिरल्यावर नव्या पोरीला सांगत होती, रोज येतात, घेत काही नाहीत, पण बिचारे गोड आहेत. गोड! रस्त्याने मला आपलं म्हटलं.

५ नोव्हेंबर
अकराला संत मिनासचा सण, म्हणजे त्याचं नाव लावणाऱ्या सगळ्यांचा. माझा नामदिन. आमंत्रण कुणालाच नाही. नामदिनाला बोलवायचं नसतंच. घरी थांबायचं, माणसं आपणहून येतात. त्या दिवशी बेलला उसंत मिळायची नाही.
संकल्प : गुडघा कितीही दुखो, प्रत्येकाला दार मीच उघडणार.

८ नोव्हेंबर
चाळीस जणांची बदाम-मिठाई सांगितली. मिठाईवाला म्हणाला, नातीचं लग्न का? म्हटलं, लग्नाला एवढी माणसं कुठली!
पेरिस्तेरीहून फोतिस वायरमनचा फोन. काय मिन्या, बडा माणूस झालास, अकराला पट मांडू की नको? म्हटलं, त्या दिवशी मला घर सोडता येणार नाही रे, रीघ लागेल. बरं बाबा, म्हणाला. फोन मीच ठेवला.

१० नोव्हेंबर
दानाईला सहज तारीख विचारली. दहा, म्हणाली. म्हणजे उद्या अकरा, मी म्हटलं. हो ना, म्हणाली. समजली.

११ नोव्हेंबर, सकाळी १०
नवा कोट. मिठाई मांडली. खुर्ची दाराजवळ ओढली.

दुपारी १
धंदा टाकून कोण येईल? मीही आलो नसतो. आज दुकानं तीनला बंद. मग झुंबड.

४.३०
घरी जाऊन कपडे बदलून येत असतील.

५.१५
बेल बिघडलीय! बिचारे खाली दाबून दाबून परत गेले असणार. फोतिसला फोन केला. सकाळपासून एकटाच का रे, म्हणाला. म्हटलं, भलतंच काय, बेल बघायला ये.

६.१०
बेल वाजली. मीच उठून दार उघडलं. फोतिस. हातात पक्कड, खिशात टेस्टर.
बेलमध्ये काहीही बिघाड नाही.