परिसंवाद झाला की एसी

१२ एप्रिल, शुक्रवार

छापलं! पेपरात माझं पत्र छापलं, आणि शीर्षकही माझंच ठेवलं — 'उन्हाळा उन्हाळ्यासारखाच असतो'. एक वाक्य कापलंय, नेमकं तेच सगळ्यात चांगलं होतं. असो.

सकाळी टेकडीवर सगळ्यांनी अभिनंदन केलं. दत्तप्रसाद सोडून. हे आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. पृथ्वी तापत चालल्याचं पृथ्वीने जणू आधी त्यांच्याच कानात सांगितलं. म्हणाले, रावसाहेब, आठवणी म्हणजे नोंदी नव्हेत. मी म्हटलं, नोंदींना घाम येत नाही, मला पंचाहत्तर वर्षं येतोय. लोक हसले.

आमच्या हिला, द्वारकेला, पत्र वाचून दाखवलं. ती गवार मोडत होती. छान आहे म्हणाली.

१४ एप्रिल, रविवार

भाग्यश्री आली होती. लेकीच्या गाडीत एसी, हिंजवडीच्या ऑफिसात एसी, घरी एसी — आणि ती मला तापमानवाढ शिकवणार! "बाबा, टॉप फ्लोअर आहे, स्लॅब किती तापतो. आईचं बीपी बघा. मी आत्ता ऑर्डर करते." हातात फोन तयारच.

गेल्या आठवड्यात द्वारका ओट्यापाशी चक्कर येऊन बसली, ते लेकीला कळलं वाटतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, दुपारी गारव्यात राहा म्हणाले. मला मान्य आहे. मी काही राक्षस नाही. एसीला मी नाही म्हणतच नाही! पण सत्तावीसला ज्येष्ठ नागरिक संघाचा परिसंवाद आहे — 'तापमानवाढ : वस्तुस्थिती की बागुलबुवा?' एका बाजूला दत्तप्रसाद, दुसऱ्या बाजूला मी. त्याआधी माझ्या खिडकीबाहेर एसीचा डबा लटकला तर मी व्यासपीठावर बोलायचं काय? अख्खं कोथरूड मान वर करून हसेल. परिसंवाद झाला की एसी. शब्द दिलाय.

द्वारका म्हणाली, राहू दे गं, थोडे दिवस काढेन. भाग्यश्री चहा न घेता गेली.

१७ एप्रिल, बुधवार

गरम आहे. एप्रिल आहे.

१९ एप्रिल, शुक्रवार

चादरी ओल्या करून खिडक्यांना लावल्या. अर्ध्या तासात पापडासारख्या कडक. पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतो. (हे भाषणात नाही.)

द्वारका हल्ली जेवणं आवरली की वाचनालयात जाते. दोनला जाते, साडेचारला येते. तिथे जुनी फरशी आहे, गार वाटतं म्हणाली. उत्तम! वाचनही होतं. जुनी माणसं अशी मार्ग काढतात, रडत बसत नाहीत. हे मात्र भाषणात घालणार.

परवा विचारलं काय वाचतेस, तर नाव आठवेना तिला. वय झालं.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळपासून संघाच्या ग्रुपवर कडाक्याचं भांडण. कोणी बेचाळीसचा आकडा टाकला, मी लिहिलं की चारी बाजूंनी काचेच्या इमारती बांधा, झाडं तोडा, आणि मग ढगांकडे बोट दाखवा. दत्तप्रसादांनी लिहिलं, "म्हणजे तापलंय हे मान्य?" चोवीस जणांनी अंगठे दाखवले. मोजले मी. दुपारभर घरात येरझाऱ्या घातल्या. भाषण पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. बसवत नाही, पडवत नाही. उगाच फ्रिज उघडून उभा राहिलो.

२५ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी भाजी घेऊन येताना द्वारका जिन्यात दोनदा थांबली. लिफ्ट बंद होती. ओठ पांढरे पडलेले. मी पिशवी घेतली तर म्हणाली, चला, काही नाही.

मनात आलं, खड्ड्यात गेला परिसंवाद, आत्ताच एसी मागवावा. भाग्यश्रीचा नंबरही काढला. तेवढ्यात संघाचे सचिव नागोराव ग्रुपवर लिहितात — "रावसाहेबांच्या खिडकीवर आमचं बारीक लक्ष आहे हं!"

फोन ठेवून दिला. दोनच दिवस तर राहिलेत. द्वारकेला लिंबू सरबत करून दिलं. साखर जास्त झाली.

२७ एप्रिल, शनिवार

जिंकलो!

सभागृह भरलेलं. लोकांना विषयापेक्षा आमची जुंपलेली बघायची होती, तेही खरंच. मी आधी काचेच्या इमारतींवर घेतलं, मग एसीवाल्या पर्यावरणप्रेमींवर. शेवटी ठेवणीतलं काढलं. म्हटलं, "माझी पत्नी समोर बसली आहे. वरचा मजला, नुसता पंखा, कधी तक्रार नाही. विचारा तिला!" हशा आणि टाळ्या. द्वारकेने मान खाली घातली. लाजली.

दत्तप्रसाद उठले. कागद उलगडला, द्वारकेकडे पाहिलं, कागदाची घडी केली. "यावर मला काही बोलायचं नाही," म्हणाले. मग थोडे आकडे सांगितले, तेही पडेल आवाजात. मला वाटलं होतं त्यांच्यात जास्त दम आहे.

नंतर लोक माझ्याशी हस्तांदोलन करत होते तेव्हा दत्तप्रसादांच्या पत्नी हेमाबाई द्वारकेला हाताला धरून पाण्याच्या पिंपाकडे घेऊन गेल्या.

२९ एप्रिल, सोमवार

एसी लागला. शब्द म्हणजे शब्द.

माणसं दीड वाजता आली, द्वारका थांबली नाही, गेली. खोली गार झाल्यावर वाटलं, आपणच जाऊन घेऊन यावं तिला. टोपी घालून निघालो. वाचनालयाला हे भलं मोठं कुलूप! पाटी — सकाळी नऊ ते एक, दुपारी चार ते आठ. पुण्यात जन्म गेला माझा. एक ते चार इथे कोण काय उघडं ठेवतं? कसं लक्षात आलं नाही माझ्या! रोज दोन वाजता ही कुठे जाते, पंधरवडाभर?

नाही नाही ते मनात आलं. परत आलो तर लिफ्ट पुन्हा बंद. दुसऱ्या मजल्यावर धाप लागून टेकलो, आणि दत्तप्रसादांच्या दाराबाहेर तिच्या चपला.

दार हेमाबाईंनी उघडलं, ओठांवर बोट ठेवून. आतून गार झोत आला. द्वारका त्यांच्या दिवाणावर झोपली होती, अंगावर त्यांची चादर. घरी तिला इतकं गाढ झोपलेलं मी महिन्यात पाहिलं नाही. दत्तप्रसाद हळूच म्हणाले, "झोपू द्या. चारला उठतात."

म्हणजे व्यासपीठावर उभे होते तेव्हा यांना ठाऊक होतं. एका वाक्यात मला जमिनीवर आणता आलं असतं. मी असतो तर आणलं असतं.

वर आलो. नव्या एसीखाली बसलो. गार वाटेना.

३० एप्रिल, मंगळवार

विचारलं, मला सांगितलं का नाहीस. म्हणाली, "तुमचं भाषण होतं ना."

आणि दोन वाजता पुन्हा निघाली! मी म्हटलं, अगं, आता घरात एसी आहे. तर दारात उभी राहून म्हणाली, "अहो, गारव्याचं नाही. तिथे दार उघडलं की हेमा विचारते, बरं वाटतंय का. इथे मला कोणी विचारत नाही. इथे माझा नुसता दाखला देतात."

दुपारभर घरात एकटा. एसी बंद केला, परत लावला. पत्राचं कात्रण दोनदा वाचलं. संपादकांनी आणखी कापायला हवं होतं.

१ मे, बुधवार

सकाळी चहा देताना विचारलं, "बरं वाटतंय का तुला?"

"नाही," म्हणाली. "रात्रीपासून छातीत दुखतंय. डावा हात जड झालाय."

दत्तप्रसादांनी गाडी काढली. हॉस्पिटलात तिला आत नेलंय. बाहेरच्या बाकावर दत्तप्रसाद आणि मी बसलोय.